पदाचे नाव आणि पदाचे काम



सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत सार्वजनिक संस्थांची वाण नाही. गावोगावी विकास सोसायटी आहे, दूध संस्था आहे, पतसंस्था आहे, शिक्षण संस्था आहे. कृष्णाकाठाने साखर कारखाने आहेत. यांपैकी कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सभेला जावे. हाती पडणाऱ्या छापील अहवालावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, संचालक मंडळ आणि कार्यकारी संचालक अशी स्वच्छ मराठी पदनामे असतात. सभा सुरू झाली की ध्वनिक्षेपकावरून मात्र ‘चेअरमनसाहेब’, ‘व्हाइस चेअरमन’, ‘डायरेक्टर मंडळी’ आणि ‘एम.डी.साहेब’ अशी नावे ऐकू येऊ लागतात. कागदावर एक भाषा आणि जिभेवर दुसरी, असा हा प्रकार आहे. विशेष म्हणजे बोलणारा शेतकऱ्याचा मुलगा, ऐकणारे शेतकरी आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तोही शेतकरीच. तिघांपैकी एकाचेही इंग्रजीवाचून काही अडलेले नसते.

भाषाभिमानाच्या चर्चेत हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. टेबल, बस, स्टेशन हे शब्द पचवले, तसा चेअरमनही पचवावा, असे कोणी म्हणेल. परंतु वस्तूचे नाव आणि पदाचे नाव यांत एक मूलभूत भेद आहे. टेबलाला काहीही म्हटले तरी त्याचे पाय चारच राहतात. पदाचे तसे नाही. नेतृत्व करणाऱ्या माणसाला समाज ज्या नावाने हाक मारतो, त्या नावातून त्या माणसाकडून समाजाची अपेक्षा काय आहे, हे व्यक्त होत असते. म्हणूनच राज्य स्थापन करणाऱ्यांनी तोफा आणि किल्ले यांच्याइतकेच लक्ष पदनामांकडेही दिले. याचे सर्वांत मोठे उदाहरण ज्या मातीत घडले, त्याच मातीत आपण आज बसलेलो आहोत.

राज्याभिषेकाबरोबर शब्दांचाही अभिषेक

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्या प्रसंगी सिंहासन, छत्र आणि शक या गोष्टी नव्याने आल्या, तशी अष्टप्रधानांची नावेही नव्याने आली. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, वाकनीस मंत्री झाला, डबीर सुमंत झाला आणि सरनोबत सेनापती झाला. माणसे बहुतांशी तीच होती, कामेही तीच होती. परंतु ज्या नावाने ती कामे ओळखली जावयाची, ते नाव आता परक्या दरबारातून उसने आणलेले राहिले नाही. सेनापतिपदावर असलेले हंबीरराव मोहिते हे कऱ्हाडजवळच्या तळबीडचे, ही गोष्ट सातारकरांनी विसरू नये.

महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून त्यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करवून घेतला. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत मिळून सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिलेले आहेत. तलवारीच्या बळावर मिळवलेले राज्य लेखणीच्या भाषेतही आपले असावे, ही त्यामागची दृष्टी होय.

येथे इतिहासाशी प्रामाणिक राहून पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. ‘मुख्य प्रधान’ हे नाव शिक्क्यावर कोरले गेले आणि शेवटपर्यंत कोरलेले राहिले. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या पेशव्यांच्या शिक्क्यांतही ‘मुख्य प्रधान’ हीच अक्षरे आहेत. लोकांच्या तोंडी मात्र ‘पेशवा’च राहिला. जुने नाव जिभेवर बसलेले होते, ते राजाज्ञेनेही उठले नाही. गंमत अशी की, ‘पेशवा’ या फारसी शब्दाचा अर्थ पुढे चालणारा, म्हणजे पुढारी. इंग्रजीतला ‘लीडर’ही तोच. तीन भाषांत कल्पना एकच आहे.

मग राज्यव्यवहारकोशाचा प्रयत्न फसला असे म्हणावयाचे काय? मुळीच नाही. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि राज्ययंत्रणेसाठी नावे हवी झाली, तेव्हा याच पेटीतील दागिने बाहेर निघाले. मंत्री, मुख्यमंत्री, सचिव, न्यायाधीश हे शब्द आज शासनाच्या प्रत्येक कागदावर आहेत. देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदाला हिंदी भाषक ‘प्रधानमंत्री’ म्हणतात. मराठी माणूस मात्र ‘पंतप्रधान’ म्हणतो. साताऱ्याच्या गादीच्या प्रधानाचे ते बिरुद मराठीने दिल्लीच्या पदाला दिले आहे. पेरलेले बी कधीकधी तीन पिढ्यांनी नव्हे, दहा पिढ्यांनी उगवते.

‘रेसिडेंट’ म्हणजे राहणारा

आता याच साताऱ्यातील दुसरे चित्र पाहावे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. १८१९ च्या तहाने राज्य महाराजांचे ठरले, परंतु ते कंपनीच्या प्रतिनिधीच्या सल्ल्याने चालवावयाचे होते. आरंभी ग्रँट डफ हा ‘पोलिटिकल एजंट’ म्हणून येथे होता. पुढे ‘रेसिडेंट’ आले. या शब्दांचे सरळ अर्थ काय? एजंट म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, रेसिडेंट म्हणजे राहणारा. नाव ऐकून वाटावे की कोणी पाहुणा वस्तीला आला आहे. या ‘राहणाऱ्या’च्या मर्जीशी खटका उडताच १८३९ साली प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खटपट केली; तिला यश आले नाही. १८४८ साली राज्यच खालसा झाले.

त्यानंतर आला कलेक्टर. या शब्दाचा अर्थ गोळा करणारा. काय गोळा करणारा, हे सांगणे न लगे. कंपनी सरकारच्या दृष्टीने जिल्ह्याच्या प्रमुखाचे पहिले काम सारावसुली हे होते आणि त्याचे नाव त्या कामावरून पडले. परकी सत्ता निदान एका बाबतीत प्रामाणिक होती म्हणावयाची! स्वराज्य आल्यावर आपण त्या पदाला ‘जिल्हाधिकारी’ हे नाव दिले. कार्यालयावरची पाटी बदलली, शिक्का बदलला. तरी गावाकडचा माणूस अद्याप ‘कलेक्टरसाहेबां’नाच भेटावयास जातो. पाटीवर सेवेचे नाव आणि जिभेवर वसुलीचे, असे का व्हावे?

खुर्ची, नजर आणि सोबत

याचे उत्तर शोधण्यापूर्वी शब्दांच्या पोटात थोडे शिरून पाहिले पाहिजे. ‘चेअरमन’ या शब्दात एक खुर्ची आहे आणि एक पुरुष आहे. काम कोणतेच नाही. ‘प्रेसिडेंट’ या शब्दाचे लॅटिन मूळही पुढे बसणे असेच आहे. ‘अध्यक्ष’ या शब्दात मात्र ‘अक्ष’ आहे, म्हणजे डोळा. जो वरून नजर ठेवतो तो अध्यक्ष. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच ‘अध्यक्षप्रचार’ आहे. शेतीचा सीताध्यक्ष, बाजाराचा पण्याध्यक्ष असे एकेका खात्याचे अध्यक्ष त्याने नेमून दिले आणि प्रत्येकाचे काम व चुकल्यास दंड सांगितला. एवढेच नव्हे, तर अधिकारी राजधन कोणकोणत्या मार्गांनी खातात, त्याचे चाळीस प्रकार त्याने मोजून ठेवले. अध्यक्ष हे मानाचे पान नाही, ती जबाबदारी आहे, आणि तिचा हिशेब द्यावा लागतो, हे ज्ञान आपल्या शब्दाबरोबर जन्माला आलेले आहे. सहकारी संस्थेच्या सभासदाने ‘चेअरमन’ म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर खुर्ची येते. तो जर ‘अध्यक्ष’ म्हणू लागला आणि त्या शब्दाचा अर्थ त्याला कळला, तर तो निदान एक प्रश्न विचारील : नजर होती कोठे?

इंग्रजीवर अन्याय करण्याचे कारण नाही. त्या भाषेतला ‘मिनिस्टर’ हा शब्द लॅटिनमधील सेवक या अर्थाच्या शब्दापासून आला आहे आणि ‘सेक्रेटरी’ म्हणजे गुप्त गोष्टी सांभाळणारा विश्वासू. हे अर्थ उदात्त आहेत. अडचण एवढीच की, ते आपल्याला ऐकू येत नाहीत. आपल्या कानाला ‘सेक्रेटरी’ या शब्दात केवळ रुबाब ऐकू येतो. परक्या भाषेतील पदनाम हे अशा नाण्यासारखे असते की, ज्याच्यावरचा छाप दिसतो, पण अक्षरे वाचता येत नाहीत.

निवडलेला आणि नेमलेला

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणती मराठी पदनामे रुजली आणि कोणती रुजली नाहीत? याची यादी केली तर एक मोठी उद्बोधक गोष्ट दिसते.

१९५८ चा ग्रामपंचायत कायदा झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री होते. या त्रिस्तरीय व्यवस्थेत गावाचा सरपंच, पंचायत समितीचा सभापती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष अशी तीन नावे मिळाली. तिन्ही रुजली. अगदी निरक्षर माणूससुद्धा ‘सभापती’ म्हणतो. त्याच जिल्हा परिषदेतील मुख्य कार्यकारी अधिकारी मात्र ‘सीईओ’ झाला आणि त्याच पंचायत समितीतील गटविकास अधिकारी ‘बीडीओ’ राहिला. इमारत एक, कायदा एक, वर्ष एक. तरीही हा भेद पडला.

१९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका स्थापन झाली. पहिल्या दिवसापासून सर्वांनी ‘महापौर’ म्हटले. ‘मेयर’ कोणाच्या तोंडी आला नाही. ‘आयुक्त’ या शब्दाशेजारी ‘कमिशनर’ मात्र सुखाने नांदतो आहे. विधिमंडळात आमदार, संसदेत खासदार, नगरपालिकेत नगराध्यक्ष आणि नगरसेवक. नेमून येणाऱ्यांत कलेक्टर, एस.पी., पीएसआय, इंजिनिअर. तलाठी, तहसीलदार, मामलेदार हे याला अपवाद आहेत, पण ती पदे इंग्रजांच्या आधीपासूनची किंवा त्या वळणाची आहेत.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. ज्याला लोक निवडतात आणि ज्याला लोक पाडू शकतात, त्याचे नाव लोकांच्या भाषेत रुजते. जो वरून येतो आणि वरच पाहतो, त्याचे नाव वरच्याच भाषेत राहते. पदनामांच्या भाषेतून समाज नकळत सांगत असतो की, हा आमचा आणि तो सरकारचा.

मग सहकारी संस्थेचा अध्यक्ष तर निवडून येतो. त्याला ‘चेअरमन’ का म्हणतात? याचेही कारण आहे. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली इंग्रज सरकारने केला. रजिस्ट्रार सरकारने नेमला, नमुने इंग्रजीत आले आणि कायद्याबरोबर चेअरमनही आला. पुढे ही चळवळ वसंतदादा पाटलांसारख्या मातीतल्या माणसांच्या हाती आली. त्यांनी सांगलीत शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला आणि शेतकरी मालक झाला; परंतु जन्माच्या वेळी पडलेले नाव तसेच राहिले. पेशव्याचे झाले तेच येथे झाले. बारशाला ठेवलेले नाव पुसणे कठीण असते. म्हणून नवी संस्था, नवे पद निर्माण होते, त्याच दिवशी नावाचा विचार करावयास हवा. नंतरचा कोश उशिराचा ठरतो. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर शासनाने ‘पदनाम कोश’ तयार केला, तेव्हा त्याची थट्टा झाली. आज त्यातील कितीतरी नावे आपण सहज वापरतो. पण जेथे इंग्रजी नाव शंभर वर्षे मुरले होते, तेथे कोश हरला.

वाडीतला कारखाना आणि शब्दांची शुद्धी

पदनामांचा हा विचार आधुनिक काळात ज्यांनी सर्वांत आग्रहाने मांडला, त्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचा या परिसराशी निकटचा वैचारिक संबंध आला. औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या त्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. ‘खबर’ कशासाठी, असा प्रश्न सावरकरांनी केला आणि पुढे त्या नावातील ‘खबर’ गळून मासिक ‘किर्लोस्कर’ झाले. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याने आपल्या नावातील एक शब्द विचारपूर्वक बदलावा, ही त्या काळच्या जागृतीची खूण होय.

महापौर, मुख्याध्यापक, प्राचार्य, दिग्दर्शक ही नेतृत्वाची नावे सावरकरांच्या भाषाशुद्धीने मराठीला दिली. त्यांची भूमिका समजून घेतली पाहिजे. जगातून आलेल्या प्रत्येक शब्दाला दार बंद करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आपल्याकडे नसलेली वस्तू आली तर तिचे नाव घ्यावे. परंतु आपला जिवंत शब्द मारून त्याच्या जागी परका बसवू नये, हा त्यांचा दंडक होता. ‘महापौर’ हा शब्द पाहा. ‘मेयर’चे मूळ ‘अधिक मोठा’ असे आहे. सावरकरांनी त्याचे भाषांतर केले नाही. पौर म्हणजे नगरवासी. नगरवासीयांतील जो अग्रगण्य तो महापौर. तो नगराचा धनी नाही, नागरिकांतलाच एक आहे. एका शब्दात लोकशाहीचे अख्खे तत्त्व बसवले आहे.

या मताला विरोध झाला, टिंगलही झाली. तथापि, फार्शी-मराठी कोश रचणारे व्यासंगी कवी माधव जूलियन यांच्यासारखा फारसीचा जाणकार भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. परक्या भाषेचा द्वेष आणि स्वभाषेचा अभिमान या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचे यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची पदनामेही याच दृष्टीने पाहावीत. आरंभीच्या काळात संघाच्या कवायतीच्या आज्ञा इंग्रजीत होत्या. १९३९ साली सिंदीच्या बैठकीत संस्कृत आज्ञा आणि संस्कृत प्रार्थना यांचा निर्णय झाला. पदांची नावे मात्र त्यापूर्वीच आपली होती. १९२९ च्या नोव्हेंबरात डॉ. हेडगेवारांकडे सरसंघचालकपद देण्यात आले आणि त्यांच्यासोबत सरकार्यवाह नेमले गेले. संघात ‘प्रेसिडेंट’ नाही, ‘सेक्रेटरी’ नाही. चालक म्हणजे चालवणारा, कार्यवाह म्हणजे कार्य वाहून नेणारा, प्रचारक, शिक्षक. प्रत्येक नावात क्रियापद आहे. पद म्हणजे बसण्याची जागा नव्हे, तर करण्याचे काम, हा संस्कार नावातूनच होतो. आणि त्यातला ‘सर’? तो सरदार, सरनोबत, सरपंच यांतला फारसी ‘सर’च आहे. मराठी व्यवहारात तो इतका मुरला की, आज त्याला परका म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. शुद्धीच्या आग्रहालाही तारतम्य असते, हे येथे दिसते.

कॅप्टन भाऊ

या तारतम्याचा आणखी एक धडा याच भूमीत मिळतो. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. तेव्हा आजचा सांगली जिल्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान केले, सावकारी आणि गुंडगिरी यांना जरब बसवली. लोकांनी ‘प्रति’चे ‘पत्री’ करून ते नाव आपल्या वळणावर नेले. त्यांची तुफान सेना होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रज सरकारची रेल्वे अडवून खजिना ताब्यात घेणाऱ्या तुकडीचे पुढारी कुंडलचे रामचंद्र लाड. त्यांना लोक म्हणत ‘कॅप्टन भाऊ’. जी. डी. बापू लाड हे त्या सेनेचे ‘फील्ड मार्शल’.

इंग्रजांशी लढणाऱ्यांनी इंग्रजी हुद्दे घ्यावेत, यात विसंगती दिसेल. पण जरा बारकाईने पाहावे. लोकांनी ‘कॅप्टन’ एकटा ठेवला नाही, त्याला ‘भाऊ’ जोडला. हुद्दा शत्रूच्या सेनेतून हिसकावून आणलेला आणि नाते घरचे. त्या ‘भाऊ’मुळे ‘कॅप्टन’ मराठी झाला. शब्दाची जात त्याच्या कुळावरून ठरत नाही, तो धारण करणाऱ्याच्या कर्तृत्वाने आणि समाजाच्या मायेने ठरते. आज ‘चेअरमनसाहेब’ म्हणताना त्या ‘साहेबा’त ‘भाऊ’ची माया आहे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

वाटून घेतलेले नेतृत्व

नेतृत्व करणाऱ्याच्या नावांइतकीच नेतृत्वात वाटेकरी असणाऱ्यांची नावेही महत्त्वाची आहेत. आजकाल ‘को-चेअरमन’, ‘को-कन्व्हेनर’, ‘को-फाउंडर’ हे शब्द कार्यक्रमपत्रिकांवर दिसतात. जणू सामूहिक नेतृत्व ही कल्पनाच आपल्याला इंग्रजीने शिकवली. वस्तुतः आपले जुने शब्द याच कल्पनेवर उभे आहेत. ‘सचिव’ या शब्दाचे मूळ सोबत असणे असे आहे. ‘अमात्य’ यातील ‘अमा’चाही अर्थ जवळ, सह असाच. ‘उपाध्यक्ष’मधील ‘उप’ समीपता सांगतो. अष्टप्रधानांची रचना हे वाटून घेतलेल्या नेतृत्वाचे उत्तम उदाहरण होय. प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे होते. पंडितराव आणि न्यायाधीश वगळता इतर सहांना प्रसंगी युद्धावर जावे लागे. कामाची वाटणी होती, खुर्चीची नव्हती.

राजकारणात मात्र खुर्चीची वाटणी आली. १९७८ साली वसंतदादांच्या आघाडी मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे हे महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. राज्यघटनेत या पदाचा उल्लेख नाही. तडजोडीच्या गरजेतून ते जन्मले. ते मंत्रिमंडळ काही महिन्यांतच कोसळले. पुढे हे पद रूढ झाले आणि २०२३ साली, सातारा जिल्ह्यातील दरे गावचे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना, राज्याने एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री पाहिले. नाव संस्कृत झाले म्हणून पदात ‘सह’चा भाव येतोच असे नाही. तो माणसांनी आणावा लागतो.

तो कसा आणावा, हे औंधच्या राजांनी दाखवले. जिंजीच्या मुक्कामी राजाराम महाराजांनी ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण केले; छत्रपतींच्या वतीने निर्णय घेणारा तो प्रतिनिधी. पुढे हे पद औंधच्या घराण्यात राहिले आणि पदाचे आडनाव झाले, ‘पंतप्रतिनिधी’. याच घराण्यातील बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ च्या आरंभी, महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने, आपली सत्ता प्रजेच्या पंचायतींच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. छत्रपतींचा प्रतिनिधी स्वेच्छेने पायउतार होऊन लोकांच्या प्रतिनिधींना वाट करून देतो, ही घटना भारतातील संस्थानांच्या इतिहासात अपूर्व आहे. आज आपण ‘लोकप्रतिनिधी’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे औंध उभे असते.

खुर्चीवर बसलेली आणि खुर्चीमागे उभे असलेले

‘चेअरमन’ शब्दात पुरुष आहे, हे वर सांगितलेच. इंग्रजीत त्यावर वाद होऊन ‘चेअरपर्सन’ आला. मराठीत सरपंच, अध्यक्ष, कार्यवाह या नावांना स्त्री-पुरुष भेदाची अडचण नाही. नेतृत्वाला लिंग नसते, हे या भूमीला ठाऊक आहे. राजाराम महाराजांच्या पश्चात १७०० पासून औरंगजेबाशी झुंज चालवणाऱ्या महाराणी ताराबाई या त्याच हंबीरराव मोहित्यांच्या कन्या. १७६१ साली साताऱ्यातच त्यांचा अंत झाला.

अशा भूमीत आज ‘सरपंचपती’ हा शब्द ऐकू यावा, ही शरमेची गोष्ट आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने स्त्रीला पद दिले; समाजाने त्या पदामागे नवऱ्याची खुर्ची मांडली आणि तिला नावही दिले. हा शब्द इंग्रजी नाही, तो शुद्ध मराठी वळणाचा आहे. म्हणून भाषाशुद्धीच्या कार्यकर्त्याने तो सोडून देऊ नये. उलट सर्वांत आधी तोच हद्दपार करावा. परका शब्द भाषा बिघडवतो, खोटा शब्द समाज बिघडवतो.

करावयाचे काय?

केवळ हळहळून उपयोग नाही. यासाठी आंदोलनाची गरज नाही, शासनाच्या आदेशाचीही नाही. आपापल्या संस्थेत तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, अहवालात जे पदनाम छापले आहे, तेच सभेत उच्चारावे. सूत्रसंचालकाने ‘अध्यक्ष’ म्हणावयास आरंभ केला तर दोन सभांत कानाला सवय होते.

दुसरी, नवे पद निर्माण होताना त्याच दिवशी त्याला आपले नाव द्यावे. गणेश मंडळात कार्याध्यक्ष आणि खजिनदार पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. शाळेत ‘हाउस कॅप्टन’ला कुलप्रमुख म्हणणे काय कठीण आहे? पुण्या-मुंबईच्या परदेशी कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाने ‘टीम लीडर’ म्हणावे, त्यास हरकत नाही; ते घर त्याचे नव्हे. परंतु उद्या तोच विट्याला किंवा वाईला स्वतःचा उद्योग काढील, तेव्हा पाटीवर कोणते नाव लिहितो, याकडे लक्ष असावे. त्याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला. जगातील सर्व ज्ञान मराठीत सांगता येते, हे तेथे सिद्ध झाले आहे. मग गावच्या संस्थेचा कारभार का सांगता येऊ नये?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पदाचे नाव घेणाऱ्याने त्या नावाचा अर्थ आचरावा. अध्यक्षाने डोळे उघडे ठेवावेत, सचिवाने सोबत करावी, कार्यवाहाने भार वाहावा, प्रतिनिधीने ज्याच्या वतीने बोलतो त्याला विसरू नये. शिवछत्रपतींनी नावे बदलली, तेव्हा त्या नावांना साजेशी माणसे त्यांच्याजवळ होती, म्हणूनच ती नावे साडेतीनशे वर्षे टिकली. माणसे नसतील तर नुसती नावे ही पोकळ पगडी ठरते.

सभासदांनीही एक लक्षात ठेवावे. ज्याचे नाव आपल्या भाषेत घेता येते, त्याला आपल्या भाषेत जाबही विचारता येतो. येत्या वार्षिक सभेत उभे राहून ‘अध्यक्ष महाराज, एक प्रश्न आहे’ एवढे जरी कोणी स्पष्ट शब्दांत म्हणाले, तरी राज्यव्यवहारकोशाचे एक पान पुन्हा वाचले गेले, असे समजण्यास हरकत नाही.